स्लाउच्या बाहुल्या

आमच्या लहानपणी टीव्ही नव्हता हे वाक्य मी नातीला इतक्यांदा ऐकवलंय, की आता माझ्या तोंडून "आमच्या लहा..." एवढं निघालं की पुढचं तीच म्हणून टाकते. पण खरंच नव्हता हो! मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या पाटणच्या बाजूला ते दिसायला लागेपर्यंत तर मी नोकरीला लागून, वर्गावर जाऊन मुलांना "गप्प बसा" म्हणायला लागले होते. त्यामुळे लहानपणची लाडकी मालिका असं काही माझ्या गाठीशी नाही. कुणी तशा मालिकेच्या आठवणीने गहिवरलं की मला आपलं उगाच परक्या लग्नात जेवायला बसल्यासारखं वाटतं.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, मी लेकीकडे इंग्लंडमध्ये होते. स्लाउला. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळापासून जवळच आहे हे गाव. दिसायला अगदी साधं. आपले लोक भरपूर, त्यामुळे मेथी, कढीपत्ता सगळं मिळतं. लेकीच्या शेजारी एक इंग्रज आजोबा राहतात. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नात त्यांना आजोबा म्हणते म्हणून मीही म्हणते. सप्टेंबर संपता संपता ते एकदा कुंपणापाशी आले आणि मोठ्या उत्साहात नातीला म्हणाले, की येत्या तीस तारखेला थंडरबर्ड्सला साठ वर्षं होतायत. मला ३० सप्टेंबर म्हटलं की किल्लारी आठवतं. इतिहासाच्या बाईंना तारखा चिकटून राहतात, त्याला इलाज नाही. थंडरबर्ड्स हे एखाद्या संस्थेचं नाव असेल असं समजून मी मान डोलावली.

ती निघाली बाहुल्यांची मालिका! त्या संध्याकाळी आजोबा डीव्हीडींचा खोकाच घेऊन आले. आमच्यासाठी बोलकी बाहुली म्हणजे पाध्यांचा अर्धवटराव. हसायचं, टाळ्या वाजवायच्या, घरी यायचं. इथे बाहुल्या हसवत नव्हत्या. त्या घामाघूम होऊन माणसं वाचवत होत्या. (घाम खरंच दिसतो, चेहऱ्यावर थेंब लावलेले असतात.) मी म्हटलं एक भाग बघू. तीन आठवड्यांत बारा भाग बघितले. इंग्रजी बोलणं सगळं कळत नाही, पण खाली अक्षरं येतात ती वाचता येतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. काळ म्हणजे साधारण २०६५ साल. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर जेफ ट्रेसी नावाचा निवृत्त अंतराळवीर राहतो. बायको वारलेली, पाच मुलगे. बापलेकांनी मिळून एक गुप्त संघटना काढलीय. जगात कुठेही कुणी अशा संकटात सापडलं की नेहमीची माणसं हात टेकतात, तेव्हा हे जायचं. मोबदला घ्यायचा नाही, चेहरा दाखवायचा नाही. पाच मोठी यंत्रं, त्यांची नावं थंडरबर्ड एक ते पाच. एक नंबर सगळ्यांत वेगवान, तो पुढे जाऊन पाहणी करतो. दोन नंबर हिरवा, बोजड, पोटात अवजारांची पेटी घेऊन मागून येतो. तिसरा अंतराळात जाणारा, चौथा पाण्याखालचा. आणि पाचवा म्हणजे आकाशात टांगलेलं एक ठाणं. तिथे जॉन नावाचा मुलगा एकटा बसून जगभरातल्या हाका ऐकतो. पाचही मुलग्यांची नावं अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरून ठेवलेली आहेत: स्कॉट कार्पेंटर, जॉन ग्लेन, व्हर्जिल ग्रिसम, गॉर्डन कूपर, ॲलन शेपर्ड.

बिचाऱ्या जॉनला मालिकेत फारसं कामच नाही. बाकीचे भाऊ डोंगर फोडतात, समुद्रात बुड्या मारतात, हा आपला वर बसून निरोप देतो. आजोबांचा लाडका व्हर्जिल, कारण तो हिरवं दोन नंबर चालवतो. माझा जॉन. हाक ऐकणाराच नसेल तर पुढचं सगळं रामायण घडायचं कसं?

खलनायकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हूड म्हणून एक टकला, चमकत्या डोळ्यांचा इसम आहे, मलेशियाच्या जंगलात देवळात राहतो. म्हणजे वाईट माणूस कुठला, तर पूर्वेकडचा आणि देवळातला! साम्राज्य नुकतंच आवरत आलं होतं ना, डोक्यातून जायला वेळ लागतो. आजोबांना हे सांगितल्यावर ते जरा ओशाळले. लहानपणी कधी मनातच आलं नाही म्हणाले.

आता या सगळ्याचं मूळ कुठे, तर स्लाउमध्येच. गावाच्या एका अंगाला मोठी औद्योगिक वसाहत आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सैन्याच्या मोडक्या गाड्या दुरुस्त करायला सरकारने ही जमीन घेतली, पुढे ती खाजगी लोकांकडे जाऊन तिथे कारखाने उभे राहिले. मार्स चॉकलेटचा कारखाना तिथे १९३२ पासून आहे. याच वसाहतीत, स्टर्लिंग रोडवर, गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या नवराबायकोच्या कंपनीने आपला स्टुडिओ थाटला होता. गंमत अशी की आजोबा याच गावात वाढले, त्यांचे वडील याच वसाहतीत कामाला जात, आणि तरीही थंडरबर्ड्सचं बेट सायकलवरून गाठता येण्याइतकं जवळ आहे हे त्यांना मोठेपणी कळलं. म्हणाले, बरं झालं. आधी कळलं असतं तर मन मोडलं असतं.

आम्ही एकदा चालत तिकडे जाऊन आलो. बघण्यासारखं काही नाही. गोदामं, ट्रक, आणि आता वसाहतभर वाढलेली ती संगणकांची बिनखिडक्यांची डेटा सेंटर्स.

गेरी अँडरसन यांना बाहुल्यांची बिलकूल हौस नव्हती. खऱ्या नटांचे सिनेमे काढायचे म्हणून त्यांनी कंपनी काढली. काम मिळेना. १९५७ च्या सुमाराला एक काम आलं ते मुलांच्या बाहुल्यांच्या मालिकेचं, आणि पोटासाठी ते घ्यावं लागलं. मग त्यांनी ठरवलं की बाहुल्याच करायच्या तर त्या बाहुल्या वाटताच कामा नयेत. सगळा पुढचा उपद्व्याप त्या हट्टातून झाला. प्रत्येक बाहुली साधारण बावीस इंचांची, माणसाच्या एक तृतीयांश. डोक्याच्या पोकळीत विजेवर चालणारी एक छोटी कळ, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादाबरोबर ती खालचा ओठ हलवायची. ती कळ डोक्यात मावायची म्हणून डोकी अंगापेक्षा मोठी. तारा धाग्याहून बारीक, पोलादी, आणि दिव्यांच्या उजेडात चमकू नयेत म्हणून त्यांवर रंग फवारायचा. तारा धरणारे कलाकार वर मचाणावर. तिथून त्यांना बाहुलीची फक्त टाळू दिसायची, म्हणून कॅमेऱ्यातलं चित्र टीव्हीच्या पडद्यावर बघत बघत हात हलवायचे. आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात, त्यांना हे सांगितलं तर ते म्हणतील एवढा खटाटोप कशाला! पण त्यांची बाहुली ऐटीत बाहुली असते. स्लाउच्या बाहुलीला माणूस व्हायचं होतं, तिथेच सगळी अडचण.

सगळ्यांत मोठी अडचण चालण्याची. तारेवरची बाहुली चालली की डुलते, पावलं जमिनीला टेकत नाहीत, सगळं सोंग उघडं पडतं. यावर अँडरसन मंडळींनी तोडगा काढला तो असा की बाहुलीला चालवायचंच नाही. तिला गाडीत बसवा, विमानात बसवा, सरकत्या पट्ट्यावर उभी करा. म्हणजे १९६१ ची सुपरकार, मग फायरबॉल एक्सएल फाइव्ह, मग स्टिंगरे नावाची पाणबुडी आणि शेवटी ही पाच यंत्रं, हे सगळं अंतराळविज्ञान आलं कुठून, तर बाहुलीला नीट चालता येत नाही म्हणून! हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. बटण दाबणारा हात जवळून दाखवायचा असला की तो सरळ खऱ्या माणसाचा दाखवत. एकदा ते ध्यानात आलं की मग प्रत्येक भागात तो हातच दिसत राहतो.

यंत्रांची, स्फोटांची बाजू डेरेक मेडिंग्ज नावाच्या गृहस्थांकडे होती. लहान प्रतिकृती खरी वाटावी म्हणून ते चित्रीकरण अतिशय वेगाने करत आणि मग नेहमीच्या गतीने दाखवत. त्यामुळे टीचभर धूर डोंगराएवढा, जडशीळ वाटतो. विमान धावपट्टीवर धावतंय असं दाखवायला विमान जागेवर ठेवून खालची धावपट्टीच पट्ट्यासारखी फिरवत. यंत्रांच्या अंगावरचे बारीक भाग दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यांच्या संचांतून काढलेले. एका नंबरच्या यंत्राच्या तळघरातल्या भिंतीवर तर लिंबू पिळायचं उपकरण चिकटवलेलं आहे. आजोबांनी चित्र थांबवून मला ते दाखवलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आमची मुलं पावडरच्या डब्याचं रॉकेट करायची, त्याची आठवण झाली. हेच मेडिंग्ज पुढे जेम्स बाँडच्या सिनेमांत गेले आणि १९७८ च्या सुपरमॅनच्या दृश्यचमत्कारांसाठी ऑस्कर मिळालेल्यांत त्यांचंही नाव होतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. ही मालिका अँडरसनना सुचली कशी?

२४ ऑक्टोबर १९६३. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत लेंगेडे नावाच्या गावी लोखंडाची खाण होती. खनिज धुतल्यावर उरणारं गढूळ पाणी साठवायचं एक मोठं तळं वर होतं. संध्याकाळी त्याचा तळ फुटला आणि सगळा चिखल, सगळं पाणी खाणीत उतरलं. खाली १२९ माणसं होती. ७९ जण पहिल्या काही तासांत बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी आणखी सात. मग आठवड्याने तिघांना वरून भोक पाडून काढलं. आता बाकीच्यांची आशा संपली, शोकसभेचंही ठरलं. पण काही खाणकामगारांचं म्हणणं पडलं की जुन्या, सोडून दिलेल्या कामाच्या भागात कुणी चढून बसलं असण्याची शक्यता आहे, तिथे एक भोक पाडून बघा. ३ नोव्हेंबरला पाडलं. खालून ठोकल्याचा आवाज आला. अकरा माणसं जिवंत होती! त्यांना ७ नोव्हेंबरला, चौदा दिवसांनी, बाहेर काढलं. एकूण एकोणतीस गेले. त्या जुन्या भागात सुरुवातीला एकवीस जण पोचले होते, त्यातले दहा जण सुटकेची वाट बघताना दगड कोसळून वगैरे गेले.

जर्मनीत याला लेंगेडेचा चमत्कार म्हणतात. अँडरसन तिकडे इंग्लंडमध्ये या बातम्या ऐकत होते. त्यांच्या मनात रुतली ती ड्रिलची गोष्ट. खोल भोक पाडणारं अवजड यंत्र लांबून, ब्रेमेनहून, आणावं लागलं आणि त्यात वेळ गेला. असली यंत्रं कुठेतरी तयार ठेवलेली असती, हाक येताच उडून गेली असती तर? झाली थंडरबर्ड्स. दोन नंबरच्या पोटात मोल नावाचं एक यंत्र असतं, पुढे भलंमोठं गिरमिट, जमिनीत तोंड खुपसून शिरतं. जळत्या इमारतीच्या तळघरात अडकलेल्या आईबाप आणि मुलाला सोडवायला ते जातं असा एक भाग आहे. तो बघताना मी त्या ब्रेमेनच्या ड्रिलकडेच बघत होते.

तुम्हाला हे वाचताना सिल्क्यारा आठवलं असणार. २०२३ ची दिवाळी, १२ नोव्हेंबर, उत्तराखंडातला बोगदा, आत ४१ मजूर. ते अमेरिकी बनावटीचं ऑगर मशीन किती लांबून आणलं, कसं बसवलं, आपण सगळे रोज बघत होतो. शेवटच्या टप्प्यात ते लोखंडात अडकून मोडलं. मग आले ते उंदराच्या बिळासारखी भोकं पाडून कोळसा काढणारे मजूर. ज्या पद्धतीवर २०१४ मध्ये हरित लवादाने बंदी घातली तीच त्यांची विद्या. हातांनी माती काढत त्यांनी उरलेला मार्ग मोकळा केला. सतराव्या दिवशी सगळेच्या सगळे बाहेर. मी टीव्हीसमोर एकटी बसून रडले होते. ते का, ते पुढे येईल.

थंडरबर्ड हे नाव कुठून आलं त्याचीही एक गोष्ट आहे. गेरींना लायनेल नावाचा थोरला भाऊ होता. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक झाला, प्रशिक्षणाला अमेरिकेत ॲरिझोनाला गेला. तिथून घरी लिहिलेल्या एका पत्रात थंडरबर्ड हे नाव होतं. १९४४ मध्ये तो युद्धात मारला गेला. गेरी तेव्हा पंधरा वर्षांचे. त्या दुःखात आई त्यांना बोलून गेली होती, की त्याच्याऐवजी तू का नाही गेलास. हे त्यांनीच म्हातारपणी सांगितलंय. या माणसाने पुढे पाच भावांची गोष्ट रचली. प्रत्येक भागात ते मरणाच्या तोंडात जातात आणि शेवटी पाचही जण घरी येतात, पियानो वाजवतात, कॉफी पितात. एकही भाऊ हरवत नाही. मी मानसशास्त्र शिकलेली नाही, म्हणून पुढे काही लिहीत नाही.

मालिका मोठी झाली ती लू ग्रेड या निर्मात्यामुळे. पहिला भाग पंचवीस मिनिटांचा केला होता, तो बघून ते इतके खूष झाले की म्हणाले, याचा तासाचा कार्यक्रम करा. तोवर बरेच भाग तयार होते, त्यांना जोड द्यावे लागले. त्या जोडांत मंडळी नुसती बसून गप्पा मारतात, आणि मला ते फार आवडलं. ३० सप्टेंबर १९६५ ला सुरुवात आणि १९६६ च्या नाताळच्या दिवशी बत्तिसावा, शेवटचा भाग. एवढी गाजून बत्तीसच! अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांशी सौदा जमला नाही, आणि तेवढा खर्च एकट्या इंग्लंडच्या जिवावर निघेना. स्टुडिओ पुढे बंद झाला, बाहुल्या, यंत्रं बरीचशी कचऱ्यात गेली. नवराबायकोचंही फाटलं. ते इतकं, की पुढे अनेक वर्षं सगळं श्रेय गेरींना आणि सिल्व्हियाबाई म्हणजे जणू लेडी पेनेलपीचा आवाज देणाऱ्या, एवढंच. पात्रं, त्यांचे पोशाख, आवाजांची निवड यात त्यांचा हात होता. आपल्याकडे काही वेगळं चालतं अशातला भाग नाही. गेरी २०१२ मध्ये गेले, सिल्व्हियाबाई २०१६ मध्ये.

१९९१ मध्ये बीबीसीने मालिका पुन्हा दाखवली आणि पुन्हा तेच वेड. १९९२ च्या नाताळात ट्रेसी बेटाचं खेळणं दुकानांत मिळेना. आजोबा मुलासाठी थंडीत रांगेत उभे राहिले आणि हात हलवत परत आले. मग बीबीसीच्याच मुलांच्या कार्यक्रमात बाईंनी पुठ्ठा, कागद आणि गोंद वापरून ते बेट घरी कसं करायचं ते दाखवलं. टाकाऊतून टिकाऊ! आजोबांनी ते केलं. मुलगा दोन दिवस खेळला, उरलेली वर्षं आजोबाच खेळले असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

एवढं सगळं ऐकून, बघून झाल्यावर एका दुपारी मी त्यांना विचारलं, नातीला मध्ये बसवून, की साठ वर्षं झाली तरी तुम्हाला याचं एवढं काय आहे? खेळणी म्हणून, की संगीत म्हणून?

ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ॲबरफॅन.

मला माहीत होतं. २१ ऑक्टोबर १९६६, वेल्समधलं खाणकामगारांचं गाव. डोंगरावर रचलेला खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा ढिगारा पावसाने भिजून सकाळी सव्वानऊच्या सुमाराला खाली आला तो थेट प्राथमिक शाळेवर. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे, म्हणजे त्याच मुलांच्या वयाचे. थंडरबर्ड्सच्या दुसऱ्या फेरीचे भाग त्याच महिन्यात सुरू झाले होते. टीव्हीवर बातम्यांत दिसलं, माणसं रांगेने उभी राहून बादल्या एकमेकांच्या हातात देतायत. त्यांनी वडिलांना विचारलं, हे अजून का आले नाहीत? वडिलांनी विचारलं, कोण? आणि मग वडिलांना कळलं कोण ते. उठून बाहेर गेले. आजोबा म्हणाले, मला त्या दिवशी समजलं की ते येणार नाहीत, पण मी मालिका बघणं सोडलं नाही. उलट जास्तच बघायला लागलो.

नंतर त्यांनी मला विचारलं, तुम्ही त्या वर्षांत कुठे होता?

माझं इंग्रजी अडखळतं. नात सांगत होती, मी तिला मराठीत सांगत होते. तिलाही मी हे कधी सांगितलेलं नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. मी चौदा वर्षांची. कोयनेचा भूकंप. सुमारे १८० माणसं गेली, हा आकडा पुस्तकात असतो आणि तो मी पुढे बत्तीस वर्षं वर्गात सांगत आले. आमचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. आमच्या चुलत्यांच्या घराची मागची भिंत आत पडली. त्यांची धाकटी मुलगी, माझ्याच वर्गातली, खाली सापडली. नाव लिहीत नाही, घरच्यांना माहीत आहे. ती जिवंत होती. आवाज येत होता. आधी हाका मारत होती, मग नुसतीच काहीबाही बोलत होती. माणसं पहारी, खोरी घेऊन लागली होती, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की धरण फुटलं. निम्मं गाव पोरंबाळं घेऊन डोंगराकडे पळालं. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या कडेवर मुलं होती. धरण फुटलं नव्हतं. पण अंधारात, थंडीत, कंदिलाच्या उजेडात भिंत उपसायला उरले आमचे वडील, चुलते आणि आणखी तिघं. मी घमेली ओढत होते.

नात सांगायची थांबली होती. मी तिला म्हटलं, सांग.

आजोबा काही बोलले नाहीत. उठून आत गेले. मला वाटलं, उगाच सांगितलं, म्हातारा माणूस. पण ते परत आले ते कागद आणि पेन्सिल घेऊन, बरोबर त्यांचं लहानपणचं एक जाडजूड पुस्तक. त्यात यंत्रांचे वेग दिलेले होते. जेवणाच्या टेबलावर बसले आणि गणित करायला लागले, अगदी गंभीरपणे, ओठ हलवत. पॅसिफिकमधलं बेट ते पश्चिम भारत, धरू साडेआठ हजार मैल. एक नंबर ताशी पंधरा हजार मैल, म्हणजे पस्तीस मिनिटं. स्कॉट पाच वाजायच्या आत पोचला असता. दोन नंबर ताशी पाच हजार, म्हणजे पावणेदोन तास, निघायला थोडा वेळ धरून सव्वासहा. मग मला विचारलं, आवाज किती वाजेपर्यंत येत होता?

मी म्हटलं, उजाडलं होतं. सात वाजून गेले होते.

त्यांनी सव्वासहाच्या खाली रेघ मारली, पलीकडे सात लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. तो मी पर्समध्ये ठेवून घरी घेऊन आले.